पाच ऑगस्टचा पाण्याचा ग्लास : परदेशात ड्युटी करणाऱ्या मराठी नर्सना खुले पत्र

परदेशातल्या हॉस्पिटलांत आणि वृद्धनिवासांत काम करणाऱ्या माझ्या मराठी सिस्टर्सना आणि ब्रदर्सना,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, पुण्यात सहा वर्षं मेडिकल वॉर्डात काढली आणि गेली चौदा वर्षं लॉस एंजेलिसच्या आसपास म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणींना मी ओळखत नाही, पण तुमचा दिवस मला ठाऊक आहे : हॅंडओव्हर, औषधांची ट्रॉली, बीपी, ड्रेसिंग, चार्टिंग आणि घरी फोन करायची वेळ टळून गेलेली. त्या धबडग्यात माझ्या हातून जे झालं ते आधी सांगते. मग मागणं मागते.

२०१७ सालचा पाच ऑगस्ट होता. दुपारची शिफ्ट सुरू होऊन तासभर झाला असेल. माझ्या मजल्यावर जपानी वंशाच्या एक बाई होत्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. मी त्यांना मनातल्या मनात आजी म्हणायचे, इथेही तसंच म्हणते. त्यांची ओळख पटेल असं काही या पत्रात ठेवलेलं नाही. आजींनी खिडकीच्या कट्ट्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवला होता आणि त्याच्याकडे तोंड करून त्या गप्प बसल्या होत्या. मी आत गेले आणि मनात आलं ते एवढंच, की पाणी सांडणार, पाय घसरणार, या वयात खुबा मोडला तर बाई पुन्हा उठायच्या नाहीत. ग्लास उचलला आणि बेसिनमध्ये ओतला.

आजींनी माझं मनगट धरलं, वळ उठतील इतकं घट्ट. एरवी माझ्याशी नीट इंग्रजीत बोलणारी बाई जपानीत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती : मिझु, मिझु. एवढं जपानी मला येत होतं. मिझु म्हणजे पाणी. मी नवा ग्लास भरून ओठांशी नेला, तर त्यांनी तोंड फिरवलं. त्या रात्री मी चार्टमध्ये लिहिलं : कन्फ्यूज्ड, ऍजिटेटेड, पाणी घ्यायला नकार. डॉक्टरांना फोन केला, झोपेचं औषध वाढलं. पुढचे दोन दिवस आजी गुंगीत होत्या.

तिसऱ्या दिवशी त्यांची लेक आली. तिने चार्ट पाहिला नाही, आईच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाली, ''आई हिरोशिमात होती. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?'' मग स्वतःच म्हणाली, ''कोण सांगणार, आम्हीच कधी लिहून दिलं नाही.''

हिरोशिमावर बॉम्ब पडला तो ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता. कॅलिफोर्नियात त्या क्षणी पाच ऑगस्टच्या दुपारचे सव्वाचार वाजलेले असतात. शाळेत आपण पाठ केलेली तारीख सहा, त्यामुळे पाच तारखेच्या त्या ग्लासाचा अर्थ माझ्या मनाला शिवलाही नाही. आजी मात्र गेली कित्येक वर्षं हिरोशिमाच्या घड्याळाप्रमाणे तो क्षण पाळत होत्या. भाजलेली माणसं त्या दिवशी पाणी मागत होती. भाजलेल्याला पाणी दिलं की तो मरतो, असं मोठ्यांनी बजावून ठेवलं होतं, म्हणून कितीतरी मुलांनी हाका मारणाऱ्यांना पाणी दिलं नाही. ती माणसं तशीही मेली. न दिलेल्या त्या घोटाचं ओझं ही मुलं म्हातारी होईपर्यंत वाहत राहिली. हिरोशिमाच्या स्मरण-समारंभात दर वर्षी मृतांना पाणी अर्पण करतात ते याचसाठी. मी जे बेसिनमध्ये ओतलं ते हेच पाणी होतं.

अणुबॉम्बमधून वाचलेल्यांना जपानीत 'हिबाकुशा' म्हणतात. जपान सरकारचं आरोग्यपत्र, म्हणजे उपचार आणि भत्ता मिळवून देणारं हिबाकुशाचं ओळखपत्र, ज्यांच्याकडे आहे अशा हिबाकुशांची संख्या मार्च २०२५ मध्ये पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली आली, ९९,१३० झाली. त्यांचं सरासरी वय तेव्हा ८६ होतं. यातले सगळे जपानात राहत नाहीत. दक्षिण कोरियात आहेत, अमेरिकेत, ब्राझीलमध्ये, कॅनडात आणि इतर अनेक देशांत विखुरलेले आहेत. तुमच्या वॉर्डात, डायलिसिसच्या खुर्चीवर, मेमरी केअरच्या, म्हणजे विस्मृती झालेल्यांच्या विभागातल्या, कोपऱ्यातल्या खोलीत त्यांपैकी कुणी असू शकेल आणि केस पेपरवर त्याचा एक शब्दही नसेल.

हे लोक परदेशात कसे पोचले, हा मलाही आधी पडलेला प्रश्न. माझ्या आजी कॅलिफोर्नियातच जन्मलेल्या. त्या काळी हिरोशिमा जिल्ह्यातून अमेरिकेत खूप माणसं शेतमजुरीला आली होती आणि मुलांना शिक्षणासाठी आजी-आजोबांकडे गावी पाठवायची पद्धत होती. आपल्याकडे मुंबईतल्या गिरणी कामगारांची मुलं कोकणात वाढायची, तसंच. युद्ध सुरू झालं आणि ही मुलं तिकडेच अडकली. म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्या मुलीवर अमेरिकेने बॉम्ब टाकला, आणि पुढे ती मुलगी आपल्या जन्मभूमीत परत आली. इथे ती कुणाला सांगणार? शेजारी म्हणणार, त्या बॉम्बमुळे तर युद्ध संपलं. विमा कंपनी पॉलिसी नाकारेल अशी भीती वेगळीच. अमेरिकेतल्या हिबाकुशांनी १९७० च्या दशकात उपचारांसाठी सरकारी मदत मागितली, कायद्याचे मसुदे मांडले गेले, पण मंजूर एकही झाला नाही. आजींच्या लेकीने मला सांगितलं, की आईने हे वडिलांनाही लग्नानंतर अकरा वर्षांनी सांगितलं.

कोरियाची कथा याहून कडू आहे. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. जमिनी गेल्या म्हणून पोटासाठी आलेले, सक्तीने कारखान्यांत आणलेले, सैन्यात ओढलेले असे हजारो कोरियन हिरोशिमात आणि नागासाकीत होते. कोरियन पीडितांच्या संघटनेच्या अंदाजाने दोन्ही शहरांत मिळून सुमारे ७० हजार कोरियन बॉम्बच्या तडाख्यात सापडले. वाचलेले बरेचसे युद्धानंतर मायदेशी गेले. दक्षिण कोरियातल्या हापचन या डोंगराळ तालुक्यातून इतकी माणसं हिरोशिमात गेली होती, की त्या तालुक्याला 'कोरियाचं हिरोशिमा' म्हणतात. तिथे १९९६ मध्ये हिबाकुशांसाठी निवासी केंद्र उघडलं. पैसा जपान सरकारच्या मदतीतून आला, चालवते कोरियन रेडक्रॉस. बॉम्ब पडल्यापासून तोवर एक्कावन्न वर्षं गेली होती. तोपर्यंत या माणसांना भाजल्याचे व्रण महारोगाचे समजून गावाने दूर ठेवलं, आणि आपल्या दुखण्याचं नाव काय हेही अनेकांना माहीत नव्हतं. नर्स म्हणून मला यातलं हेच सर्वांत जास्त लागतं. दुखणं आहे, पण त्याला नाव नाही. वेदनेला नाव देणं हे आपल्या कामातलं पहिलं काम आहे.

जपानात हिबाकुशांच्या उपचारांसाठीचा कायदा १९५७ मध्ये झाला. १९७४ मध्ये मात्र जपानच्या आरोग्य मंत्रालयाने ४०२ क्रमांकाचं परिपत्रक काढलं आणि देश सोडून गेलेल्या हिबाकुशाचा भत्ता बंद केला. आरोग्यपत्र हातात असलं तरी विमानात बसलं की ते नुसता कागद. कोरियातले सोन जिन-दू यांनी १९७० मध्ये उपचारांसाठी चोरून बोटीने जपान गाठलं, अटक झाली, तरी त्यांनी हक्क सोडला नाही आणि १९७८ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. पुढे कोरियातल्याच क्वाक क्वी-हून या हिबाकुशाने परिपत्रकालाच आव्हान दिलं. माणूस कुठेही राहिला तरी हिबाकुशा तो हिबाकुशाच, हे त्यांचं म्हणणं. ओसाकाच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये ते मान्य केलं आणि २००३ मध्ये परिपत्रक रद्द झालं. ब्राझीलमध्ये साओ पाउलोत किराणा दुकान चालवणारे ताकाशी मोरिता यांनी १९८४ मध्ये तिथल्या हिबाकुशांची संघटना उभी केली आणि कोर्टात झगडले. वयाची शंभरी गाठून ते २०२४ मध्ये गेले. आरोग्यपत्रासाठी जपानला जाण्याची अट २००८ मध्ये सुटली. उपचारांचा खर्च परदेशातल्यांनाही पूर्ण मिळाला पाहिजे, हा निकाल यायला सप्टेंबर २०१५ उजाडला. तोवर त्यांना वर्षाला तीन लाख येनच्या आसपास मर्यादा होती. एका बायपासला ते किती पुरतील, तुम्हीच हिशेब करा.

एवढी माणसं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून हक्क मिळवतात आणि तो हक्क आपल्यासारख्या नर्सच्या अज्ञानापायी वॉर्डात वाया जातो. मला हे सहन होत नाही. म्हणून हे पत्र.

माझं मागणं साधं आहे. जपानी, कोरियन किंवा जपानी-ब्राझिलियन वंशाचा, १९४६ च्या मध्यापूर्वी जन्मलेला पेशंट तुमच्या हाताखाली आला तर हिस्ट्री घेताना त्याचं बालपण विचारा. ''हिरोशिमात होता का?'' अशी सुरुवात करू नका. तो प्रश्न ऐकून चाळीस वर्षं बंद ठेवलेलं दार आणखी घट्ट लागतं. ''लहानपण कुठे गेलं? युद्ध संपलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?'' एवढं विचारा आणि थांबा. हातात पेन नसलं तर उत्तम. हे एकांतात विचारायचं, सून-मुलगा खोलीत असताना कधीच नाही. दुभाषा लागला तर तो घरचा नको. बऱ्याच जणांनी मुलांपासूनच हे लपवलेलं असतं, कारण जपानात आणि कोरियातही हिबाकुशाच्या मुलांची लग्नं मोडत होती. 'नाही' म्हणाले तर विषय तिथेच सोडायचा. तुमच्यावर विश्वास बसला तर ते महिन्याने, मध्यरात्री, बेडपॅन देताना सांगतील. माझ्या अनुभवात तीच वेळ असते.

सांगितलं तर काय लिहून ठेवायचं? तेव्हाचं वय. स्फोटकेंद्रापासून साधारण किती किलोमीटरवर होते. घरात, भिंतीआड की उघड्यावर. बॉम्ब पडला तेव्हा शहराबाहेर असले, तर नंतर शहरात कधी शिरले, कारण पहिल्या दोन आठवड्यांत स्फोटकेंद्राच्या दोन किलोमीटरच्या आत जाणाऱ्यालाही कायद्याने हिबाकुशा मानतात. जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांना मानतात, आईच्या पोटात होते त्यांनाही मानतात. पुढच्या आठवड्यांत केस गळले का, हिरड्यांतून रक्त आलं का, जुलाब झाले का, बॉम्बनंतरचा किरणोत्सर्गी काळा पाऊस अंगावर पडला का. हे सगळं तारखेसह आणि शक्यतो त्यांच्याच शब्दांत. आरोग्यपत्राच्या अर्जाला सहसा दोन साक्षीदार मागतात, आणि ऐंशी वर्षांनंतर साक्षीदार आणायचे कुठून? अशा वेळी आधीपासून घेतलेल्या साध्या नोंदी, जुनं शाळेचं कागदपत्र, आईने लिहिलेलं एखादं पत्र, याला किंमत येते. अर्ज जवळच्या जपानी वकिलातीत करता येतो. विशिष्ट अकरा प्रकारच्या आजारांपैकी एखादा असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर दर महिन्याला भत्ता मिळतो. हा दाखला डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं आणि त्याचा पाठपुरावा करायचं काम नर्सच करू शकते.

आता दुखण्यांबद्दल. सादाको सासाकीची गोष्ट आपल्याला कागदी करकोच्यांमुळे ठाऊक असते. दोन वर्षांची असताना बॉम्ब पडला, १९५५ मध्ये बाराव्या वर्षी ल्युकेमियाने हिरोशिमाच्या रेडक्रॉस हॉस्पिटलमध्ये गेली. आपली समजूत तिथेच थांबते, की किरणोत्सर्ग म्हणजे रक्ताचा कर्करोग आणि तो लवकर येतो. ल्युकेमियाची लाट खरंच बॉम्बनंतर सहा ते आठ वर्षांत सर्वांत उंच होती. पण स्तन, थायरॉइड, फुप्फुस, जठर, मोठं आतडं यांच्या कर्करोगांचा वाढलेला धोका पुढे आयुष्यभर राहतो, आणि लहान वयात किरणं लागली तर तो जास्त असतो. आज जिवंत असलेले जवळजवळ सगळे हिबाकुशा तेव्हा मुलं होते किंवा पोटात होते. म्हणून पंच्याऐंशी वर्षांच्या बाईचं हिमोग्लोबिन कारण न कळता घसरत असेल तर ''वय झालं'' म्हणून सोडू नका, अस्थिमज्जेच्या विकाराचा विचार व्हावा म्हणून डॉक्टरांना ती पार्श्वभूमी सांगा. एक कर्करोग बरा झालेल्याला दुसरा, अगदी वेगळा, नव्याने होऊ शकतो. मोतीबिंदू आणि हृदयविकारही किरणांशी जोडलेले आढळले आहेत. उलट बाजूही तितकीच खरी : हिबाकुशाचं प्रत्येक दुखणं किरणांमुळे नसतं आणि नर्सने तसं बोलून त्यांची धास्ती वाढवू नये.

मुलांचा प्रश्न नक्की येईल. ''मी माझ्या मुलीला काही दिलं तर नाही ना?'' आजींनी मला हे तीनदा विचारलं. हिरोशिमा आणि नागासाकीत किरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने हिबाकुशांच्या सुमारे ७७ हजार मुलांचा मागोवा घेतला आहे आणि आनुवंशिक परिणामाचा पुरावा आजवर मिळालेला नाही, अभ्यास चालू आहे. हे शांतपणे, हात हातात घेऊन सांगायचं. पोटात असताना ज्यांना किरणं लागली त्यांची गोष्ट वेगळी. आठव्या ते पंधराव्या आठवड्यात असलेल्या काही बाळांचं डोकं लहान राहिलं, बुद्धीची वाढ खुंटली. हे दोन प्रकार एकत्र मिसळून पेशंटला घाबरवणारे मी पाहिले आहेत, शिकलेलेसुद्धा.

सीटी स्कॅनला नको म्हणणाऱ्याच्या चार्टवर 'नॉन-कोऑपरेटिव्ह' लिहू नका. ज्या माणसाचं अख्खं आयुष्य न दिसणाऱ्या किरणांच्या भीतीखाली गेलं, त्याच्या दृष्टीने तो नकार अगदी शहाणपणाचा आहे. सोनोग्राफीवर भागेल का, ते डॉक्टरांना विचारा. स्कॅन गरजेचाच असेल तर का, ते बसून समजावा. अमेरिकेतल्या मैत्रिणींनी आणखी एक लक्षात ठेवावं. युद्धानंतर १९४७ पासून अमेरिकन संस्थेने हिबाकुशांना तपासणीसाठी बोलावलं, रक्त घेतलं, उघड्या अंगाचे फोटो काढले, पण उपचार केले नाहीत. आम्हाला तपासलं, बरं केलं नाही, ही सल त्या पिढीच्या मनात आहे. तेव्हा अमेरिकन हॉस्पिटलमध्ये रक्ताची बाटली भरताना ती कशासाठी, हे आधी सांगा, आणि रिपोर्ट आला की तोही त्यांना सांगायला जा.

आंघोळ घालताना पाठीवर, दंडांवर केलॉइडचे उंच, ताणलेले व्रण दिसतील. त्यांना घाम येत नाही, खाज सुटते, थंडीत ओढतात. तिथे डोळे रोखायचे नाहीत आणि फिरवायचेही नाहीत. त्वचेखाली एखादा कठीण कण हाताला लागला तर हसू नका, तेव्हाच्या खिडकीची काच असू शकते. स्फोटात घुसलेले काचेचे तुकडे कित्येक वर्षांनी अंगातून काढावे लागल्याची उदाहरणं आहेत. वाढदिवसाला कॅमेऱ्याचा फ्लॅश नको. फायर ड्रिल असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. मासळी भाजल्याचा वास काहींना आजही सहन होत नाही, कारण विचारू नका, जेवण बदलून द्या. आणि ऑपरेशनआधी पाणी बंद करण्याची ऑर्डर असेल तर खोलीबाहेर कागद चिकटवून निघून जाऊ नका. किती वाजेपर्यंत पाणी नाही आणि किती वाजता मिळेल हे घड्याळावर बोट ठेवून दाखवा, तोवर ओला बोळा ओठांवर फिरवा. तहानेचा अर्थ या माणसांसाठी वेगळा आहे.

विस्मृती सुरू झाली की नंतर शिकलेली भाषा आधी जाते. आजींचं इंग्रजी शेवटच्या वर्षी विझत गेलं आणि हिरोशिमाच्या बोलीतलं जपानी उरलं. कोरियातल्या केंद्रातल्या वृद्धांच्या तोंडी बालपणीचं जपानी येत असेल, तेव्हा ते ऐकणाऱ्या तरुण कोरियन नर्सला काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आपल्याला हे समजायला अवघड नाही. टोरांटोत पस्तीस वर्षं राहिलेला सातारचा म्हातारा आयसीयूत ''आये'' म्हणून हाक मारतो, तेव्हा धावत जाणाऱ्या तुम्हीच असता. दहा शब्द शिकून घ्या : पाणी, दुखतं, थंडी, भीती, आई, मी इथे आहे.

शिकायचं कुठे, असं विचाराल. हिरोशिमात १९९१ पासून आणि नागासाकीत १९९२ पासून अशा संस्था आहेत, ज्या इतर देशांतल्या डॉक्टर-नर्सना बोलावून किरणग्रस्तांच्या शुश्रूषेचं प्रशिक्षण देतात. पहिलीचं नाव हायकेअर, दुसरीचं नाशिम. हिरोशिमाच्या डॉक्टरांचं पथक १९७७ पासून साधारण दर दोन वर्षांनी अमेरिकेत येऊन हिबाकुशांची तपासणी करत आलं आहे, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, सिॲटल, होनोलुलू अशा शहरांत. मी एका आजोबांना घेऊन गेले होते. जपानी डॉक्टरांना इथे औषध लिहून द्यायचा परवाना नाही, पण आजोबांना त्याची पर्वा नव्हती. आपल्या गल्लीचं नाव सांगितल्यावर ''हो, पुलापलीकडची'' म्हणणारं माणूस त्यांना समोर बसलेलं हवं होतं. परतताना गाडीत ते झोपले, इतके गाढ झोपलेले मी त्यांना पूर्वी पाहिले नव्हते. तुमच्या शहरात असं पथक येत असेल तर सुट्टी टाकून सोबत जा. एका दिवसात जे कळेल ते पुस्तकातून कळणार नाही.

पुण्यात जपानी शिकून केअरगिव्हर म्हणून जपानला निघालेल्या मुलींनाही मी हे सांगते आहे. भारत आणि जपानमधल्या कामगारांविषयीच्या २०२१ च्या करारानंतर तुमची संख्या वाढते आहे, तुमच्यापैकी कुणाची नेमणूक हिरोशिमात किंवा नागासाकीतच होईल. भाषेची परीक्षा द्याल, डायपर बदलायची पद्धत शिकाल, पण ऑगस्टमध्ये गप्प होणाऱ्या आजोबांशी कसं वागायचं, हे बहुधा अभ्यासक्रमात नसेल.

आपला या सगळ्याशी संबंध काय, असं एका मराठी मैत्रिणीने मला विचारलं. संबंध शोधायचाच तर आहे. युद्धानंतर १९४६ मध्ये जपानात आलेल्या राष्ट्रकुल फौजेचा तळ हिरोशिमाजवळच्या कुरे बंदरात होता आणि त्या फौजेतल्या भारतीय तुकड्यांत मराठा रेजिमेंटची एक पलटण होती. दर ६ ऑगस्टच्या सुमारास आपली संसद मौन पाळते. पण मला विचाराल तर एवढा लांबचा वळसा नकोच. त्या पेशंटचं बीपी आज तुम्ही मोजलं आहे, तेवढा संबंध मला पुरतो.

आणि आपल्या पेशाचाही एक हिशेब आहे. त्या सकाळी हिरोशिमात १,७८० नर्स होत्या असं सांगतात. त्यांतल्या १,६५४ मेल्या किंवा उभं राहता येणार नाही इतक्या जखमी झाल्या. स्फोटकेंद्रापासून दीड किलोमीटरवरच्या रेडक्रॉस हॉस्पिटलमध्ये उरलेल्या नर्स मर्क्युरोक्रोम हे जखमेचं लाल औषध आणि फाटकी चादर घेऊन हजारो माणसांमध्ये वावरत होत्या. तिथे साठवलेल्या एक्स-रे फिल्म्स न वापरताच किरणांनी धुरकटल्या होत्या. हा साधा बॉम्ब नव्हे, हे सांगणाऱ्या पहिल्या खुणांपैकी ती एक. त्या नर्सना आपण कशाची शुश्रूषा करतो आहोत हे ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे.

१० डिसेंबर २०२४ रोजी हिबाकुशांच्या संघटनेला, निहोन हिदान्क्योला, ओस्लोत शांततेचं नोबेल मिळालं. ९२ वर्षांचे तेरुमी तानाका बोलायला उभे राहिले तेव्हा मी ब्रेक रूममध्ये फोनवर बघत होते. तेरा वर्षांचे असताना ते नागासाकीत होते. बॉम्बमध्ये मेलेल्यांना सरकारने आजवर भरपाई दिलेली नाही, हे त्यांनी त्या व्यासपीठावरून दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझ्याबरोबर बघत असलेली फिलिपिनो सहकारी म्हणाली, ''आपल्या मजल्यावर आणखी कुणी आहे का गं?'' आम्ही दोघींनी त्या आठवड्यात यादी काढली. एक निघाले. ते आमच्याकडे चार वर्षं राहत होते.

म्हणून तारखा लिहून देते, ड्युटीच्या वहीत टिपून ठेवा. हिरोशिमाची वेळ म्हणजे लॉस एंजेलिस आणि व्हॅंकूव्हरमध्ये ५ ऑगस्टचे दुपारचे सव्वाचार, न्यूयॉर्क-टोरांटोत त्याच संध्याकाळचे सव्वासात, साओ पाउलोत रात्रीचे सव्वाआठ, लंडनमध्ये मध्यरात्र उलटून सव्वाबारा, दुबईत ६ ऑगस्टच्या पहाटेचे सव्वातीन. नागासाकीचा बॉम्ब ९ ऑगस्टला अकरा वाजून दोन मिनिटांनी पडला. कॅलिफोर्नियात तेव्हा ८ तारखेच्या संध्याकाळचे सात वाजून दोन मिनिटं झालेली असतात, जेवणाचे ट्रे परत जात असतात.

आजी आणखी दोन ऑगस्ट जगल्या. त्यांच्या केअर प्लॅनमध्ये मी ओळ घालून घेतली : पाच तारखेला चारनंतर खिडकीतला ग्लास कुणी हलवायचा नाही. दोन्ही वर्षी तो मीच भरला, त्यांनी सांगितला तसा, काठोकाठ. दुसऱ्या वर्षी त्यांचे हात थरथरत होते म्हणून त्यांच्या हातांवर माझे हात ठेवून आम्ही दोघींनी मिळून तो कट्ट्यावर ठेवला. थोडं पाणी फरशीवर सांडलं. ते मी पाच वाजल्यानंतर पुसलं.

तुमचीच,
लॉस एंजेलिसजवळची एक सिस्टर